पंख्याचा नट

शिवकन्या,

ड्रममधलं पाणी कुणी पिऊ नका, स्वयंपाकालाबी घेऊ नको. त्यात ग्रीस उतरलंय, अन् ते माझ्याच हातानं.

आपला जिल्हा नवा झाला त्याच्या प्रदर्शनात माझी रेडिओवर चालणारी बोट ठेवायची हाय. तळं तर आटलेलं. म्हणून तुम्ही उठायच्या आत ती ड्रममध्ये सोडून बघितली. बोटीचा पितळी पंखा दांड्यावर एकाच नटानं आवळला होता, तो सुटू नये म्हणून त्यावर दुसरा नट, चेकनट, लावायचा कंटाळा केला. बोट उलट्या दिशेनं चालवली तसा नट सुटला अन् पंखा तळाला गेला. तो काढायला ग्रीसनं माखलेला हात खांद्यापर्यंत बुडवला. आयटीआयमध्ये पोरांना मी हेच शिकवून राहिलो, की चेकनटाशिवाय काम पुरं होत न्हाई.

सायकलीला घागरी बांधून शिवारातल्या विहिरीवर चाललो. लई गर्दी असती, वेळ लागंल.

काल माय चिमण्यांसाठी वाटीभर पाणी ठेवत होती, तर पाणी वाया घालवती म्हणून मी तिच्यावर खेकसलो. ड्रमचं तिला खरं काय ते सांग. ती मला काहीच बोलायची न्हाई, म्हणून तर तिला तोंड न दाखवता निघालो.

शेषेराव