तू आधी हसलीस

१९ मे

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींचा गुडघा आता कसा आहे? आईच्या खोलीत नवा पंखा लावून दिलास, बरं केलंस. ती उकाड्याची तक्रार करत नाही, पण तिला झोपही लागत नाही. मी बरी आहे. पेपर तपासून झाले, शाळेला सुट्टी लागली.

नाटक कसं चाललंय, असं तू फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. म्हणून लिहिते. बोलायला गेले तर माझा आवाज चढेल, तू रडशील, आणि मग मीच तुझी समजूत घालत बसेन.

पहिल्या प्रयोगाला तू आली होतीस. बागेतला तो चौथरा, झाडांना बांधलेले दिवे, पुठ्ठ्याने वारा घेत बसलेली माणसं. भांडकुदळ नवरा-बायकोचं ते जुनं नाटक लोकांना अर्धं पाठ आहे, तरी दर उन्हाळ्यात हसायला येतात. हे नवरोबा, मी बायको. मला त्याचं एवढं अप्रूप का होतं, सांगू? तालमी सुरू झाल्यापासून हे रोज माझ्याशी बोलत होते. दुसऱ्याचं लिहिलेलं का होईना, पण माझ्याकडे बघून.

दुसऱ्या अंकात नवरोबा शेजाऱ्याकडे बायकोच्या कागाळ्या करतो. तिचा खर्च, तिचं माहेर, तिचं घोरणं. तिथे ह्यांनी पदरचं एक वाक्य घातलं.

"आणि न्हाणीघरात नळ सोडून रडते हो! डोळ्यांतलं कमी पडतं म्हणून नगरपालिकेचं वापरते!"

असा हशा पिकला की माझं पुढचं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही.

नळाचं ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तरी क्षणभर वाटलं, ह्यांनी कधी दाराबाहेरून ऐकलं असेल. तसं असतं तर मी गिळलं असतं. पण हे तोंड उघडत होते तेव्हाच माझी नजर पहिल्या रांगेवर गेली होती. तू तोंडावर हात दाबून हसत होतीस, ताई. लोक नंतर हसले. तू आधी हसलीस.

शेवटी नवरोबा गुडघे टेकून माफी मागतो आणि बायको हात देऊन त्याला उठवते. मी हात दिला नाही. चौथऱ्यावरून उतरले आणि खुर्च्यांमधून सरळ फाटकाबाहेर गेले. मागे टाळ्यांचा कडकडाट. तू बस गाठायची म्हणून न भेटताच गेलीस.

कपडे बदलायला परतले तर हे खुशीत होते. "नवा शेवट झकास! हाच ठेवू."

"नळाचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ताईंनी. अगं, त्याच म्हणाल्या, घाला नाटकात, गंमत येईल."

"आणि मी का रडते, ते विचारलंत?"

हे आरशात बघून मिशी सोडवत होते. "सगळ्यात मोठा हशा तिथेच आला, तुला कळतंय का?"

त्यानंतर मी काम केलं नाही. माझी भूमिका आता चित्रकलेच्या बाई करतात. वाक्य तसंच आहे म्हणे. मी शाळेजवळ खोली घेतली आहे. हे एकदा आले होते. म्हणाले, "तू नाहीस तर घर खायला उठतं." कुठल्या नाटकातलं, ते काही आठवेना.

ह्यांचा राग आला आणि तो निवेलही. तुझं तसं नाही. ह्यांना मी कधी काही सांगितलंच नव्हतं. तुला सांगितलं. तू माझे केस विंचरत होतीस आणि म्हणालीस, "माझ्या पोटात राहील." तू म्हणशील, हसण्यावारी नेलं की दुःख हलकं होतं. होतही असेल, ज्याचं त्यानं नेलं तर.

सुट्टीत आई आणि तू येणार होतात. आईला बसमध्ये बसवून दे, मी इथे उतरवून घेईन. तू येऊ नकोस, एवढ्यात तरी. आणि तिला काही सांगू नकोस. मी सांगेन, माझ्या तोंडाने, मला वाटेल तेवढं.

जपून राहा. हे सवयीनं लिहिलं गेलं, पण खोटं नाही.

तुझी, आणि त्याला माझा इलाज नाही,
धाकटी