ट्रेबल शून्यावर

४ ऑक्टोबर, सोमवार

आलो एकदाचे. जिन्यात कपाट वर चाललं होतं आणि मी चुकीच्या खोलीत नेलेला माझा अँप खाली येत होता. मागे कुणी सरायचं, यावर माझं आणि बायकोचं पंधरा मिनिटं एकमत होईना. शेवटी कपाट जिंकलं. ही वहीही तिनेच दिली. म्हणाली, दुकानात दिवसभर काय झालं ते सगळं माझ्या कानाशी लावत बसू नकोस, मला दवाखान्यात पेशंटचं ऐकायचं असतं, तुझं या वहीला सांग. बरं, वहीबाई, ऐका.

खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या. दुकानात फक्त जुने बेस गिटारचे अँप, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेट्या, विकतात आणि घेतात. नुसत्या बेसवर दुकान चालतं यावर माझाच विश्वास नव्हता, पण भिंतीला टेकून छातीएवढे चाळीसेक अँप उभे आहेत आणि प्रत्येकाला गिऱ्हाईक आहे म्हणे. मालकांना सगळे मामा म्हणतात. साऱ्या गावाचे मामा, सख्खा भाचा एकही नाही. माझं काम म्हणजे आलेला अँप उघडायचा, धूळ काढायची, खरखरणारे नॉब साफ करायचे, सुटलेली तार डागायची, मग वाजवून त्याचा सूर बसवायचा. सोळा वर्षं ऑर्केस्ट्रात मागे उभा राहून बेस वाजवला. तिथे बेसवाल्याकडे कुणी बघत नाही, तो थांबला की मात्र सगळे वळून बघतात. आता निदान एका जागी बसून पोट भरेल.

पोरीची शाळा दोन गल्ल्या पलीकडे. सात वर्षांची आहे. साडेतीन वर्षांची होईपर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. किती डॉक्टर केले, किती जणांचे सल्ले ऐकले, बायको तर मोरीत जाऊन रडायची. मग एकदा बोलायला लागली ती आजतागायत थांबलेली नाही. आवाज इतका बारीक आणि टोकदार की आम्ही तिला पिपाणीच म्हणतो. शेजारपाजारचे वैतागतात. वैतागू देत. तिचा आवाज बंद असतानाची ती साडेतीन वर्षं मला माहीत आहेत.

७ ऑक्टोबर, गुरुवार

नव्याचे नऊ दिवस, हे खरं, पण अजून तरी मजा येते आहे. पिपाणी शाळा सुटली की दुकानात येते आणि मी वाजवत असताना कॅबिनेटला, म्हणजे अँपच्या लाकडी पेटीला, पाठ लावून बसते. पोटात गुदगुल्या होतात म्हणे.

मामांची एक रीत मात्र विचित्र आहे. अँप आला की तो आधीच्या माणसाच्या नॉबवर कधीही वाजवायचा नाही. मामा स्वतः सगळे नॉब फिरवून त्यांच्यावरची रेघ सरळ वर आणतात आणि मग गिटारची तारही न जोडता अँप दुपारभर नुसता चालू ठेवतात. माणूस उतरू दे, म्हणतात. मी विचारलं, कुठला माणूस. तर म्हणाले, ज्याने नॉब लावले तो. प्रत्येक जण आपल्या कानाला बरं वाटेल तसे नॉब लावतो, म्हणजे नॉब बघितले की त्या माणसाचा कान बघितला, आणि दुसऱ्याच्या कानात आपण कशाला शिरायचं. मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

मामा डोळ्याच्या ऑपरेशनला लेकीकडे गेले आहेत, दोन आठवड्यांनी येतील. जाताना तीन वेळा बजावून गेले, नॉब सरळ, दुपारभर चालू, मग हात लावायचा.

आज एक बाई भावाचा अँप घेऊन आल्या. भाऊ गेल्या महिन्यात वारले. फार मोठ्याने बोलतात. मग स्वतःच म्हणाल्या, भावाचे कान हळूहळू गेले, त्याच्याशी ओरडून बोलायची सवय लागली, ती सुटत नाही. शेवटची दोन वर्षं तो कॅबिनेटला पाठ लावून बसून असे. बाईंनी पावती घेतली आणि अँपकडे न बघता निघून गेल्या.

अँप म्हणजे सोनं. जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा, आतली वायरिंग बघून हात जोडावेसे वाटले. बेसचा, म्हणजे खालच्या जाड आवाजाचा, नॉब पुरता उघडा, मिड अर्ध्याच्या थोडा पुढे, आणि ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, पार शून्यावर. असं कुणी लावत नाही. म्हणून तर हात शिवशिवले. मामांची रीत मामांपाशी, म्हटलं, एकदाच. खालची तार छेडली.

काय सांगू. सोळा वर्षं मी हाच सूर शोधत होतो. फरशीतून वर आला, गुडघ्यातून, बरगड्यांतून. डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही. नॉब हलू नयेत म्हणून प्रत्येकाच्या रेघेशी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

रोज त्याच्यावरच वाजवतो. हा सूर सोडून बाकीचे अँप पत्र्याचे डबे वाटायला लागले आहेत. बंद केल्यावरही थोडा वेळ आत गुणगुण राहते. व्हॉल्व्ह गार होत असतील. त्या गुणगुणीत कुणीतरी बोलल्यासारखं वाटतं, भिंतीपलीकडून येतं तसं, शब्द नाही, नुसती चाल. बेस आणखी केसभर उघडला तर शब्द कळेल असं वाटतं, पण नॉब आधीच पुरता उघडा आहे.

पिपाणी आता दुसऱ्या कुठल्या कॅबिनेटला टेकत नाही. हाच लागतो.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

बायको चिडली. दारात उभं राहून तिने दहा वेळा बेल वाजवली म्हणे, फोनही केला. मी आत जागाच होतो. बेल वाजली नाही असं मी म्हटलं, तर तिने माझ्यासमोर बटण दाबून दाखवलं. पिपाणीने कानांवर हात ठेवले. मला काही ऐकू आलं नाही. मी हसून वेळ मारून नेली.

आज फोनही वाजताना ऐकला नाही. नुसता टेबलावर थरथरला.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

बायकोच्या दवाखान्यात नको म्हणून दुसरीकडे जाऊन कान तपासून आलो. डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. खालचे आवाज ठणठणीत, वरचे सगळे गेलेले, कड्यावरून खाली पडावी तशी रेघ. बेसवाल्यांचं होतं असं, म्हणाले, पण दहा दिवसांत होत नाही. परत येणार का विचारलं, तर त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

खरं ते इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठेच बोलता येत नाही. मला पिपाणीचा आवाज ऐकू येत नाही. परवा आणि काल थोडा यायचा, आज अजिबात नाही. समोर उभी राहते, तोंड हलतं, दात दिसतात, पुढचा पडलेला दात दिसतो, आणि आवाज नाही. मला ते बघवत नाही. बायकोला सांगितलं तर नोकरी गेलीच म्हणून समजायचं, आणि मग त्या साडेतीन वर्षांसारखा तिचा चेहरा परत बघायचा. त्यापेक्षा मी मान डोलावतो. पोरगी बोलली की हसायचं आणि मान डोलवायची. आज दुकानात कॅबिनेटपाशी बसून तिने काहीतरी विचारलं. दोनदा, तीनदा. चेहरा गंभीर होता. मी मान डोलावली. हो हो, म्हटलं.

२५ ऑक्टोबर, सोमवार

मामा आले. एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्याने त्यांना आधी त्या चिकटपट्ट्याच दिसल्या. खाली बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांचा आवाज जाड आहे, मला येतो. म्हणाले, तू त्याच्या कानात जाऊन बसलास.

पट्ट्या काढल्या, नॉब सरळ केले, अँप दुपारभर चालू ठेवला. मी समोर बसून होतो. चार वाजता दार उघडून पिपाणी आली, ओठ हलले. काही नाही.

मामांनी त्या बाईंना फोन लावला आणि ऐकलं ते मला मोठ्याने सांगितलं. शेवटी शेवटी भावाला स्वतःचं बोलणंही ऐकू येईना. पेटीला पाठ लावून म्हणत राहायचा, आता एक नवा आवाज मिळाला पाहिजे. बाईंना वाटलं, नवा स्पीकर मागतोय.

२७ ऑक्टोबर, बुधवार

पिपाणी काल दुपारपासून बोलत नाही.

मला कळलंच नाही. कसं कळणार. बायको घरभर तिच्या मागे फिरत होती, तोंड उघड म्हणून खुणावत होती, घसा बघत होती. तिच्या दवाखान्यात नेलं. घसा चांगला आहे. सगळं चांगलं आहे. पोरगी आमच्याकडे बघते आणि ओठ मिटून बसते.

बायकोचाही आवाज आता मला येत नाही. ती माझ्याकडे वळून काहीतरी बोलली आणि मी मान डोलावली. तिने बोलणं थांबवलं. मग हळूच परत काही म्हणाली, मी परत मान डोलावली. तेव्हा तिला समजलं. ती मला मारेल असं वाटलं. तिने ही वही ओढली आणि मागच्या पानावर लिहून दिलं. ते इथे उतरवून ठेवतो, नाहीतर मी मनातल्या मनात ते बदलून टाकीन.

शनिवारी झोपताना पोरगी मला म्हणाली, पेटीतल्या काकांना माझा आवाज हवाय. मी म्हटलं, मग दिलास का. ती म्हणाली, बाबांना तीनदा विचारलं, देऊ का. बाबा हो हो म्हणाले. मला वाटलं तुमचा काहीतरी खेळ चाललाय.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

अँप फोडला. मामा थांबवत होते, मी ऐकलं नाही. व्हॉल्व्ह, पुठ्ठा, तारा, लाकूड. आत काही नाही. काय असणार होतं.

गुणगुण चालू आहे. प्लग नाही, अँप नाही, लाकूड गोणीत भरून मामांनी दूर नेऊन टाकलं. तरी पायांतून येते.

शब्द कळत नाही. पण आता त्या गुणगुणीला शब्द आहेत.

३० ऑक्टोबर, शनिवार

बायको माझ्याशी बोलत नाही. म्हणजे लिहून देत नाही. बोलत असेल तर मला माहीत नाही.

पोरीसमोर गुडघे टेकून बसलो. म्हटलं, बाबा चुकला, बाबाला ऐकू आलं नव्हतं, बाबा नाही म्हणतोय, परत माग त्याच्याकडे. तिने माझ्या गळ्याला हात लावला, आवाज कुठून येतो ते बघतात तसा. मी रडलो. तिने नुसतं बघितलं.

गुणगुण बंद झाली आहे. सकाळपासून.

१ नोव्हेंबर, सोमवार

दुपारचे दोन. बायको ड्यूटीवर, सहाला येईल. मामा पट्टी बदलायला गेले आहेत. पोरगी खिडकीशी चित्र काढत होती —

बोलली. पिपाणी बोलली. मला ऐकू आलं. शब्द न् शब्द ऐकू आला, स्वच्छ. मी उठून तिला कवटाळणार होतो आणि —

मला फक्त जाड आवाज ऐकू येतात. डॉक्टरांची रेघ खिशात आहे. फक्त खालचे.

तिच्या तोंडातून. ओठ तिचे, पडलेल्या दाताची फट तिची. आवाज फरशीतून आला.

विचारते आहे — विचारतो आहे. आई घरी आली की आईचे कान घेऊ का. बाबांचे चालले नाहीत, म्हणतो. बाबांचे माझ्यासारखेच झाले.

मी नाही म्हणालो. म्हणालो का? माझा मलाच आवाज आला नाही. परत म्हणालो. घसा दुखतो आहे, म्हणजे ओरडलो असणार —

मान वर करायची नाही. हलली की तो हो धरेल. म्हणून लिहितो आहे. लिहीत राहिलो की मान खाली राहते, हलत नाही. सहापर्यंत लिहीत राहायचं. काहीही लिहायचं. बायकोला चिठ्ठी, दार उघडू नकोस, आत येऊ नकोस —

दुसऱ्यांदा विचारलं. फार प्रेमाने विचारलं.

जवळ आली आहे. तिची सावली वहीवर. लिहीत राहा. मान ताठ. मान —

तिसऱ्यांदा. तिने माझी हनुवटी धरली. हात लहानच आहे, पण वर ढकल