आईचा चष्मा

प्रिय दत्ता,

गेल्या शनिवारी सकाळी मी देवीला फूल न वाहताच घराबाहेर पडलो. पन्नाशीला आलो, असं कधी घडलं नव्हतं. आदल्या दिवशी देवस्थान मंडळाच्या बाळासाहेबांचा निरोप आला होता: "यात्रेआधी तुझ्याकडचं चित्रण पाठव. दत्ताचं वारं खरं की सोंग, मंडळ ठरवील." वाचून मला आनंद झाला. तो आनंद घेऊन देवीसमोर बसायची लाज वाटली.

तुझी वहिनी काम करते त्या संग्रहालयात बालीतल्या एका म्हाताऱ्या बाईवरचा माहितीपट होता. तिनं आग्रहानं बोलावलं म्हणून इथून, हूफडॉर्पहून, बसनं अ‍ॅमस्टरडॅमला गेलो. त्या बाईच्या अंगात येतं. तिथल्या रूढींचा अभ्यास करणाऱ्यांनी ते चित्रित केलं आणि मग तिचं तिलाच दाखवलं. ती बघत होती, मधेच लाजून हसत होती. म्हणाली, पाहुणे गेल्यावर घर वाटतं तशी मी नंतर होते. पडद्यावर खाली उमटणाऱ्या भाषांतराच्या ओळी वाचताना तू आठवलास. वारं उतरलं की तू तांब्याभर पाणी पितोस आणि भिंतीकडे तोंड करून बसतोस.

खरं सांगतो. मंगळवार मी धरले, घटाला पाणी मी घातलं, आरत्या मला पाठ. तू आरतीच्या वेळी देवळामागं बिडी ओढायचास. आणि संबळ वाजलं की देवी यायची तुझ्या अंगात. गाव तुला देवीचं झाड म्हणू लागलं. त्या यात्रेत आईनं धाकट्या लेकाच्या पायांवर डोकं ठेवून त्याला 'आई' म्हटलं, तेव्हा थोरला मोबाइलवर चित्रण करत उभा होता. बारा वर्षं झाली त्याला.

तू दोनदा विचारलंस, दादा, मी तेव्हा कसा दिसतो, मला बघायचंय. मी म्हटलं, चित्रण आलंच नाही. आलं होतं. वाकताना आईचा चष्मा खाली पडला आणि घुमता घुमता तू पाय उचलून तो ओलांडलास. भान हरपलेल्याला चष्मा कसा दिसतो? तेवढं मी जपून ठेवलं आणि दिवाळीत बाळासाहेबांना फोनवर बोलून बसलो.

पडद्यावर त्या बाईलाही कुणी विचारलं, निखाऱ्यांभोवती नाचताना त्यांवर पाय कसा पडला नाही? ती म्हणाली, "मी नव्हतेच तिथं. पण जी आली होती ती आंधळी होती, असं कुणी सांगितलं?" लोक हसले. मला हसता आलं नाही. इतकी वर्षं मी तुझा पाय बघत होतो. चष्मा वाचला, हे कधी मनातच आलं नाही.

हेवा गेला असं म्हणणार नाही. घरी येऊन पुन्हा बघितलं, तेव्हाही आईचं डोकं तुझ्याच पायांवर होतं. पण काल बाळासाहेबांना कळवलं की माझ्याकडे पुरावा नाही, नुसता हेवा होता. फोनमधलं, लॅपटॉपमधलं पुसून टाकलं. या पत्राच्या पाकिटात पेन ड्राइव्ह आहे. आता एवढी एकच प्रत उरली आहे, आणि ती तुझी.

तुझाच,
मनोहरदादा