वरची पट्टी

हुबळी, १२ जून २०२५

चि. वेदूस,

अप्पाचे भरभरून आशीर्वाद. अभिषेकरावांनाही सांग. इकडे सगळं ठीक आहे. तुझी तब्येत कशी आहे ते सविस्तर लिही.

पत्र बघून हसशील. पण हल्ली फोनचं जमत नाही. माझ्या फोनचा स्पीकर बिघडलाय, आणि दुरुस्तीला टाकायचं कामाच्या गडबडीत राहून जातंय. अभिषेकरावांचे फोन येऊन गेले, मला उचलता आले नाहीत. राग मानू नका म्हणावं.

तू ती बातमी दिलीस तेव्हापासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. लगेच खाली दुकानात जाऊन बाबूकाकाला सांगितलं. त्याने पातेली घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी धारवाडला जाऊन पेढे आणले आणि तुला कुरिअर केले. मिळाले का? तुझी आई असती तर पेढ्यांवर भागलं नसतं, ती बॅग भरून पुण्याच्या गाडीत बसली असती. मला बायकांच्या या गोष्टींतलं काही कळत नाही. तरी सांगतो, जड उचलू नकोस आणि स्कूटरवर मागे बसू नकोस. ऑफिसला थोडे दिवस रजा मिळते का बघ.

त्या दिवशी फोन मध्येच कट झाला. मी परत लावला, पण तू उचलला नाहीस. झोपली असशील.

माझ्याकडे नवीन काम आलंय. श्रीनिधी नावाची धारवाडची मुलगी आहे, तिचा हा पहिलाच सिनेमा. कलघटगीत एक बाई एकटीच पिठाची गिरणी चालवते, तिची गोष्ट. बोलणं फार कमी, त्यामुळे सगळा भार पार्श्वसंगीतावर. मी म्हटलं, व्हायोलिन-बासरी काही नको, सगळं सिंथेसायझरवर करू. गिरणीचा पट्टा फिरतो ना, त्याच्या घरघरीसारखा एक खालचा सूर मी बनवलाय. तो सिनेमाभर चालू राहतो, आणि वीज गेली की थांबतो. श्रीनिधी इथे येऊन ऐकून गेली. जिन्यावर थांबून म्हणाली, "सर, माझ्या छातीत अजून चालू आहे ते."

खूप वर्षांनी असं काम मिळालं. ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवत होतो तेव्हा तू स्टेजमागे ताडपत्रीवर झोपायचीस. आता आजोबा व्हायच्या वयात हे मिळतंय.

उत्तर लिही. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

तुझा,
अप्पा


हुबळी, ३ जुलै

प्रिय वेदू,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं नाही. अभिषेकरावांना मेसेज केला होता, "ती ठीक आहे" एवढंच उत्तर आलं. पहिल्या महिन्यांत अन्न जात नाही, माणसांशी बोलावंसं वाटत नाही, असं तुझी आई सांगायची. तसंच असेल, अशी मी मनाची समजूत घातली आहे.

इकडे एक गोष्ट झाली, ती सांगतो.

गेल्या रविवारी सकाळी इथल्या एका थिएटरात सिनेमा दाखवून बघितला. बाहेरचे लोक नव्हते, काम केलेली माणसं आणि त्यांच्या घरचे, एवढेच. मी मागच्या रांगेत बसलो होतो. सुरुवात चांगली झाली. मग गिरणी बंद पडते आणि ती बाई पिठाने माखलेले हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहते, तो प्रसंग आला. तिथे मी खालचा सूर काढून घेतलाय आणि अगदी वरच्या पट्टीत एक बारीक धार ठेवली आहे. निदान मला तसं वाटत होतं.

पुढच्या रांगेतली श्रीनिधीची भाची कानांवर हात ठेवून रडायला लागली. कॅमेरा करणारी पोरं तोंडं वाकडी करून एकमेकांकडे बघत होती. गंमत म्हणजे श्रीनिधीच्या वडिलांना काहीच झालं नाही, निर्माते मन लावून बघत होते, मीही बघत होतो. आम्ही म्हातारे सगळे निवांत होतो, आणि पोरं मात्र हैराण.

श्रीनिधी वाकून माझ्यापाशी आली. "सर, ती शिट्टी कसली?"

मी म्हटलं, "कसली शिट्टी?"

ती माझ्या आणखी जवळ वाकली. मग हळूच म्हणाली, "केळस्तिल्लेनु, सर?" ऐकू येत नाही का, असं. तेही मला तिच्या ओठांवरून कळलं.

मी तिला सांगितलं की थिएटरचे स्पीकर खराब आहेत. ऑपरेटरलाही जाऊन दोन शब्द बोललो. बिचारा तारा तपासायला लागला.

स्पीकरचंच असणार. जुनं थिएटर आहे.

घरी येऊन मी तो तुकडा कॉम्प्युटरवर लावला. आवाजाचं चित्र दिसतं बघ त्यात, खालचे सूर खाली, वरचे वर. त्या चित्रात अगदी वरती एक जाड, लखलखीत पट्टा होता. मी आवाज वाढवत गेलो. शेवटी खालून बाबूकाकाचा नोकर पळत आला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला. मला फक्त पंख्याचा आवाज येत होता.

असो. पावसाळी हवेने कानांना दडे बसल्यासारखं झालंय. सर्दीच असेल.

तू स्वतःला जप. तुझ्या हस्ताक्षरातलं काहीतरी येऊ दे.

अप्पा


हुबळी, २० जुलै

वेदू,

गेल्या आठवड्यात मनीषाअत्या निपाणीहून आली. मी चहा टाकला. ती खुर्ची ओढून अगदी माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "अण्णा, वेदूने तुला फोनवर काय सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "बाळ राहिलं म्हणाली."

अत्याने माझा हात धरला. "बाळ नाही राहिलं म्हणाली होती. तिसऱ्या महिन्यात गेलं. आणि तू म्हणालास, वा, छान झालं. वरून पेढे पाठवलेस."

चहा उतू गेला. आम्ही दोघंही उठलो नाही.

वेदू, आता खरं लिहितो. फोनचा स्पीकर बिघडलेला नाही. गेली दोन-तीन वर्षं मला फोनवर शब्द कळत नाहीत. आवाज येतो. तो तुझा आहे हेही कळतं, तू दमली आहेस की घाईत आहेस तेही कळतं, पण स, श, फ, त असले बारीक आवाज गळून पडतात आणि हळू बोललेला शब्द तर पूर्णच जातो. मग मी अंदाज करतो. माणसं फोनवर बहुतेक तेच ते बोलतात, त्यामुळे अंदाज बरोबर येतो. "हो हो", "छान", "बरं झालं", एवढ्यावर माझं निभत होतं. त्या दिवशी तुझा आवाज जड होता. मला वाटलं, आनंदाने भरून आलाय. तू आधी काही सांगितलं नव्हतंस, म्हणून दिवस राहिल्याचंच सांगते आहेस असं मी धरून चाललो.

तुला परत विचारायला हवं होतं. पण "काय म्हणालीस" असं विचारलं की समोरच्याला संशय येतो. माझं पोट कानांवर आहे. हुबळीत कोणाला कळलं असतं तर त्यानंतर काम मिळालं नसतं. म्हणून मी कोणालाच परत विचारत नव्हतो. तुलाही नाही.

अत्या मला त्याच दिवशी धारवाडला तपासणीला घेऊन गेली. एका छोट्या बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. मला वाटलं, अजून सुरूच झालं नाही. काचेपलीकडची डॉक्टर मुलगी मान खाली घालून काहीतरी टिपत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला समजलं की केव्हाच सुरू झालंय.

ती म्हणाली, हे गेलेलं परत येत नाही. वय आहे, आणि आयुष्यभर मोठ्या स्पीकरांपुढे काढलंत. मशीन लावलं की बोलणं कळेल. संगीताचं काही सांगता येत नाही.

मग मी श्रीनिधीकडे गेलो. थिएटरवाल्याचा काही दोष नव्हता हे सांगितलं. सगळं सांगितलं. काम दुसऱ्या कोणाला दे म्हणालो. ती म्हणाली, "खालचं सगळं तुमचंच राहू दे, सर. वरचं आपण काढून टाकू. मी शेजारी बसते." चार दिवस ती माझ्या शेजारी बसली. मी चित्र बघून एकेक पट्टा पुसायचो, आणि ती मान हलवून आता बरं आहे म्हणायची. गिरणी बंद पडते त्या प्रसंगात मी काय करू पाहत होतो ते मी तिला समजावून सांगितलं. तिला ते समजलं, पण तसं करून दाखवणं आता माझ्या हातात नाही. तिथे तिने बाईच्या श्वासाचा आवाज ठेवला. चांगला दिसतो तो प्रसंग. माझं त्यात काही नाही.

हे सगळं तुला सांगायचा मला काय अधिकार आहे, ते कळत नाही. तुझं मूल गेलं आणि मी माझ्या कानांचं लिहितोय.

मशीन यायला अजून वेळ आहे. मी थांबत नाही. पुढच्या रविवारी पुण्याला येतो. तू भेटणार नाहीस असं अभिषेकरावांनी सांगितलं तर खालच्या खालीच परतेन.

अप्पा


हुबळी, ९ ऑगस्ट

वेदू बाळ,

पुण्याहून सुखरूप पोचलो, कळवायला मात्र उशीर झाला.

तू दार उघडलंस तेव्हा काहीतरी बोललीस. "या" म्हणालीस की "का आलात", अजून मला माहीत नाही. मी आत आलो, कारण तू बाजूला झालीस.

फ्रिजवर पेढ्यांचा खोका तसाच होता, सुतळीसुद्धा सोडली नव्हतीस. अभिषेकरावांनी माझी नजर बघितली आणि तो उचलून आत नेला. ते भले आहेत. मी त्यांचे फोन उचलायला हवे होते. ते मला हेच सांगायला फोन करत होते.

तू बोलायला लागलीस तेव्हा मला पहिली दोन वाक्यं कळली नाहीत. मी म्हटलं, "परत सांग." तू परत सांगितलंस, आणि तरी कळलं नाही. मग तू मोठ्याने बोललीस. दवाखान्यातलं, सोनोग्राफीचा पडदा डॉक्टरांनी तुझ्याकडून वळवून घेतला ते, रिक्षाने एकटी घरी आलीस ते. तिसरा महिना सरला की हुबळीला येऊन मला समोरासमोर सांगायचं ठरवलं होतंस, म्हणून आधी बोलली नव्हतीस, तेही. सगळं मोठ्या आवाजात. समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचं अभिषेकरावांनी बघितलं आणि ते उठून बाहेर उभे राहिले. जे कुजबुजत सांगायचं ते तुला ओरडून सांगावं लागलं. तुझ्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मी तुझ्या ओठांकडेच बघत होतो, म्हणून तुझे डोळे बघायचे राहून गेले.

एरवी मी केव्हाच हो म्हणून सुटलो असतो. त्या दिवशी प्रत्येक शब्द कळेपर्यंत विचारत राहिलो. तुला छळल्यासारखं झालं असेल. शेवटी तू दमून माझ्या खांद्याला टेकलीस आणि काहीतरी पुटपुटलीस. ते मात्र मी विचारलं नाही. ते माझ्यासाठी होतं की नव्हतं, कोण जाणे.

परवा मशीन मिळालं. कानात घातलं आणि खिडकी उघडली, तर कोप्पीकर रोड अंगावर आल्यासारखा झाला. प्लास्टिकच्या पिशव्यांचा आवाज एवढा मोठा असतो हे मी विसरलो होतो. मग सिंथेसायझर चालू केला. सूर पत्र्यासारखे वाजले. बंद केला. श्रीनिधीचा सिनेमा पुढच्या महिन्यात लागेल. तिने पाटीवर संगीत म्हणून माझं एकट्याचं नाव टाकलंय. मी नको म्हणालो, पण तिने ऐकलं नाही. पुढचं काम मी धरलेलं नाही. खाली दुकानात बसत जा असं बाबूकाका म्हणतो. बघू.

संध्याकाळी दुकान बंद झालं की मी मशीन काढून ठेवतो. या खोलीत ते घालून ऐकण्यासारखं कोणी बोलत नाही.

तू फोन करत जा. कितीही हळू बोललीस तरी चालेल. मला कळलं नाही तर यापुढे मी हो म्हणणार नाही, छान म्हणणार नाही. परत सांग म्हणेन. तुला कंटाळा येईल, तरीही म्हणेन.

फोन मशीनजवळच ठेवलाय.

तुझा,
अप्पा