इतिहास पूर्ण होईपर्यंत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकून). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला, की नको असलेले पाहुणे उठावेत म्हणून अजून राखून ठेवला आहे? आम्ही इकडे ठीक. मी सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात फार सूचना करतो, एवढीच हिची तक्रार आहे.

तुला माहीतच आहे, टायपिंगचा वर्ग बंद झाला तेव्हा आमच्या व्यवसाय शिक्षण कॉलेजला माझं काय करायचं ते कळेना. तेव्हाच्या प्राचार्यांनी ऑर्डर काढली, की कॉलेजचा पन्नास वर्षांचा इतिहास लिहून पूर्ण होईपर्यंत मला ठेवावं. जिन्याखालची खोली दिली, टेबल-खुर्ची दिली. त्याला आता तीन वर्षं झाली. लोक हसतात, पण इतिहास काही एका बैठकीत होत नाही.

पहिल्याच प्रकरणात घोडं अडलं. पहिला वर्ग कुठला? शिवणकामाच्या बाई म्हणाल्या, व्हरांड्यात दोन मशिनं मांडली तीच सुरुवात (त्यातल्या एका मशिनवर तू होतीस, हे मी ठळक लिहिलं). ते वाचून सुतारमास्तर आले. मशिनं ज्या बाकांवर ठेवली ती बाकं कुणी केली? म्हणून सुतारकाम आधी घातलं. मग गवंडीमास्तर आले, व्हरांडा आकाशातून पडला का, एवढंच विचारलं आणि बसून राहिले. प्रकरण तिसऱ्यांदा लिहिलं. आता तिघंही एकमेकांशी बोलत नाहीत, चहा मात्र माझ्याच खोलीत घेतात.

शिवाय आमची इमारत म्हणजे विद्यार्थ्यांच्या परीक्षेचे पेपर आहेत, हे बाहेरच्यांना कळत नाही. खिडक्या सुतारकामाच्या परीक्षेतल्या, पडदे तुमच्या शिवणकामाच्या परीक्षेतले. जिना गवंडीकामाच्या पहिल्या तुकडीचा: बारा विद्यार्थी, प्रत्येकी एक पायरी. अकरा पास झाले. बाराव्याची पायरी दोन बोटं उंच झाली आणि तो पुन्हा परीक्षेला आलाच नाही, म्हणून ती तशीच राहिली (दुसऱ्याचा पेपर आपण कसा सोडवायचा, असं तेव्हाच्या मास्तरांचं म्हणणं). तेव्हापासून सगळं कॉलेज तिथे न बघता पाय जास्त उचलत आलं. नव्या प्राचार्यबाईंनी दोन महिन्यांपूर्वी जिना सारखा करून घेतला. पहिल्या दिवशी सात जण धडपडले, त्यांत गवंडीमास्तर स्वतः. हा प्रसंग इतिहासात घ्यावा की नाही यावर दोन सभा झाल्या. त्यात सहा आठवडे गेले, माझी काही तक्रार नाही.

काल प्राचार्यबाई खोलीत आल्या. मनाने वाईट नाहीत, पण माझी ऑर्डर त्यांनी शब्दन् शब्द वाचली आहे. गठ्ठा चाळून म्हणाल्या, "सर, सोमवारी हे माझ्या टेबलावर ठेवा. जेवढं झालंय तेवढ्यावर पूर्ण झालं असं समजू."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आता या वयात विश्रांतीच बरी, असं हिलाही सांगितलं. बागेत लक्ष घालीन, वाचन करीन. तू जिवाला लावून घेऊ नकोस. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत एका तक्रारअर्जाचा मसुदा ठेवला आहे. तो तुझ्या अक्षरात उतरवून, सही करून, सोमवारच्या आत प्राचार्यबाईंना पोचेल असा धाड. पहिल्या तुकडीची विद्यार्थिनी म्हणून तू कळवते आहेस, की इतिहासात गंभीर चुका आहेत आणि फेरतपासणीशिवाय तो छापू नये. चुका कुठल्या ते अजिबात लिहू नकोस. त्या शोधायलाच वर्ष जायला हवं.

ता. क. २. विश्रांतीचं वर लिहिलं ते सगळं खोटं आहे. आम्हाला बाग नाही, तू घर पाहिलं आहेस. ताई, सकाळी डबा भरून घेतला आणि तो घेऊन जायला कुठे जागाच नसली तर माणसाने काय करायचं, ते मला खरंच माहीत नाही. मला भीती वाटते. अर्ज जरा रागावून लिही.