शेवट बघून ये

सोमवार, ता. ४
दुपार

चि. भोंग्यास,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो, मी त्याच्या मागून. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. आता टपटप नाही, त्यामुळे घर जरा जास्तच गप्प वाटतं. शुक्रवारी तुझ्या सिनेमाच्या पहिल्या शोला मला न्यायला गाडी पाठवू नकोस. थिएटर पायी पंधरा मिनिटांवर आहे आणि शेजारची शिलाईवाली बरोबर येणार आहे. त्यासाठी तिने नवा ड्रेस शिवलाय. जगाचे कपडे शिवणारी बाई, पण स्वतःसाठी दहा वर्षांत हा पहिला.

एवढा मोठा सिनेमा काढलास तरी मी भोंग्याच लिहिते, रागावू नकोस. तीन महिन्यांचा होतास तेव्हा भर शोमध्ये असा सूर लावलास की डोअरकीपर येऊन म्हणाला, "वहिनी, हा भोंगा बाहेर न्या. पडद्यावरची बाई रडतेय, तिचं कुणाला ऐकूच येईना." त्या सिनेमाचा शेवट मी पाहिलेला नाही. तुझ्या बाबांनी रात्री जेवताना विचारलं तेव्हा मनानेच एक शेवट रचून सांगितला. तो पहिला.

गेल्या आठवड्यात दोन सिनेमे पाहिले. एकात म्हातारा मरतो. मरायच्या आधी चांगली दोन मिनिटं बोलतो, सगळ्यांची माफी मागतो, शेत कुणाला आणि गाय कुणाला तेही सांगतो, आणि मग मान टाकतो. वाक्य अर्धं राहत नाही, तोंडाला कोरड पडत नाही. मागे सारंगी. मी हॉलमध्येच म्हटलं, "अरे, याला मरायला इतकी सवड कुणी दिली?" पुढच्या रांगेतल्या मुली हसायला लागल्या. दुसरा सिनेमा बरा होता. त्यातला दिग्दर्शक माणूस मेला की त्याच्याकडे बघतच नाही, त्याच्या चपलांकडे बघतो. हे मला आवडलं. पण मग वाटलं, हीसुद्धा एक पळवाटच. चपला दाखवणं सोपं असतं.

मी सातवी शिकलेली बाई. वाचनालयातून सिनेमावरची पुस्तकं आणून वाचली, अर्धी कळली. तरी एक गोष्ट पुस्तकात कुठे मिळाली नाही. खरा शेवट आणि चांगला शेवट यांतला दिग्दर्शकाने कुठला घ्यावा? तू शिकून आलास, तुला माहीत असेल.

तुझं पोस्टर लागलंय. भाजी आणायला गेले तेव्हा समोरच दिसलं. छान आहे. अक्षरं मोठी आहेत, मला चष्म्याशिवाय वाचता आली.

उरलेलं उद्या लिहिते.

मंगळवार, ता. ५
सकाळ

काल पत्र टाकलं नाही. पाकीट होतं, तिकीट होतं, तरी टाकलं नाही.

बाबांवर सिनेमा काढायचा म्हणून त्यांच्या सिनेमा बघण्याबद्दल तू मला खोदखोदून विचारलंस आणि मी सांगितलंही, पण सगळं नीट सांगितलं का, कुणास ठाऊक. ते थिएटरात ऑपरेटर, पडद्यावर सिनेमा चालवणारे. दोन मशिनं, तळहाताएवढी खिडकी आणि कानाशी सतत घरघर. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दर वीस मिनिटांनी एक ठिपका चमकतो. पहिला ठिपका दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, दुसरा दिसला की याच्यावरून त्याच्यावर. ठिपका चुकला तर पडदा पांढरा आणि हॉलभर शिट्ट्या. त्यामुळे त्यांचा डोळा कायम कोपऱ्यात. गोष्ट मधोमध चालायची, हे कडेला उभे. आणि संवाद तर घरघरीत ऐकूच यायचे नाहीत.

लग्नाला महिना झाला असेल. एकदा जेवता जेवता म्हणाले, "ती बाई जिन्यावर त्याला काय म्हणते गं? रोज चार वेळा ती जिना चढते, काहीतरी बोलते आणि त्याची टोपी पडते. पाच आठवडे झाले." दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढून गेले आणि घरी येऊन सांगितलं. ती म्हणते, "मी थांबणार नाही."  बाबा म्हणाले, "आता टोपी पडते ती बरोबर वाटते."

तेव्हापासून आमचं हे सुरू झालं. त्यांनी दाखवायचे, मी बघायचे आणि त्यांना सांगायचे. ते डोळे मिटून ऐकायचे. डोळे उघडे असले की कोपऱ्यात ठिपका शोधतात म्हणून मिटायचे.

आता थांबते. शिलाईवाली दारात उभी आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ती विचारत होती, "काकू, सिनेमात मी आहे का हो?"

म्हटलं, "तू कशाला असशील?"

"नाही, त्या दिवशीचं दाखवलंय म्हणे. त्या दिवशी मी होते ना तिथे. बटणं लावत."

मी म्हटलं, "सिनेमा आहे गं तो. त्यात सगळं थोडंच असतं?"

"तेच म्हणते मी. सगळं नाही ना दाखवलं?" असं म्हणून तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता. माझाही असणार.

पोस्टरबद्दल काल अर्धंच लिहिलं. अक्षरं मोठी आहेत हे लिहिलं, पण कुठली ते लिहिलं नाही. "उजेड नीट पडतोय ना?" माणूस भाजी घ्यायला थांबतो आणि ते वाचतो. भाजीवाला मला म्हणाला, "मावशी, काकांसारखं शेवटच्या क्षणी असं बोलायला नशीब लागतं." मी मान हलवली आणि कोथिंबीर न घेताच घरी आले.

तू फोनवर म्हणालास, शो संपला की मला स्टेजवर बोलावणार आणि ते वाक्य माझ्या तोंडून ऐकवणार.  तेव्हापासून चहा करते आणि तसाच ठेवते.

भोंग्या, ते वाक्य मी केलेलं आहे.

बुधवार, ता. ६
सकाळ

आता लिहिलंच आहे तर पुढचंही लिहिते. फोनवर मला जमणार नाही. तू म्हणशील, "आई, मुद्द्यावर ये," आणि मी मुद्द्यावरून उठून दूध बघायला जाईन.

बाबा आजारी पडल्यावर प्राणवायूचं मशीन घरात आलं. ते सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "घ्या, परत घरघर." हसले. तेवढ्यानेही धाप लागली. दर बुधवारी दुपारच्या शोला मी जावं हा त्यांचाच हट्ट. शिलाईवाली तिचं काम घेऊन त्यांच्याजवळ बसायची. पण माझा जीव टांगणीला. इंटरव्हल झाला की मी उठून घरी यायची. पुढचा अर्धा सिनेमा मी मनाने सांगायची. असे सात महिने सांगितले. मला वाटायचं, त्यांना कळत नाही.

त्या बुधवारी मी केस विंचरत होते आणि ते म्हणाले, "आज शेवट बघून ये."

मी म्हटलं, "दर वेळी बघतेच की."

"तुझ्या सिनेमांत सगळे घरी परत येतात. कुणी मरत नाही. इतके सारखे शेवट कोण काढतो?"

मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते, पण तोंडावर ते मिश्कील हसू. मी म्हटलं, "बरं बाई, बघून येते." माझ्याशी ते त्यानंतर बोललेले नाहीत. शेवटचे शब्द हवे असतील तर हे आहेत. यात उजेड वगैरे काही नाही.

दोन बहिणींचा सिनेमा होता. एकीने दुसरीची पत्रं बारा वर्षं न उघडता ठेवलेली. इंटरव्हलला मी दारापर्यंत गेले. डोअरकीपर म्हणाला, "निघालात वहिनी?" मी म्हटलं, "नाही, आज बसणार आहे." पावणेचार वाजले होते. परत येऊन खुर्चीवर बसले आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा मी घड्याळाकडे न बघता सिनेमा पाहिला. शेवटी ती बहीण एकच पत्र उघडते, वाचते, आणि त्यात काय लिहिलंय ते दिग्दर्शक सांगतच नाही. एवढं बसवून घेतलं आणि सांगितलं नाही मेल्याने. मी चिडून घरी आले. बाबांना हे कसं सांगायचं याचाच विचार करत जिना चढले.

साडेपाच झाले होते. शिलाईवाली बटणं आवरत म्हणाली, "झोपलेत, काकू. आज तर एकदाही खोकले नाहीत." ती गेली. मशीन घरघरत होतं. ते डोळे मिटून पडले होते, सिनेमा ऐकायला पडतात तसेच. मी खुर्ची ओढली, हात हातात घेतला आणि सुरुवात केली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला मध्यावर कळलं. ते खोटं आहे. हात घेतला तेव्हाच कळलं.

तरी मी सांगत राहिले. नावांच्या पहिल्या पाटीपासून. थांबले असते तर मग सगळं सुरू झालं असतं, डॉक्टर, तू, माणसं. सिनेमा सांगून होईपर्यंत काहीच झालेलं नव्हतं. मधे तुझा फोन वाजला. दोनदा. मी उचलला नाही. तेव्हा मी त्या पत्रांच्या पेटीपर्यंत आले होते. तू चार तासांच्या अंतरावर होतास आणि तुझा बाप कसा आहे ते विचारत होतास, आणि मी त्याला सिनेमा सांगत होते. हे मला अजून कुणी विचारलेलं नाही, पण रोज उत्तर तयार ठेवते.

पत्रात काय होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. रचता आलं असतं. त्या सात महिन्यांत पहिल्यांदाच मनाचं काही घातलं नाही, जसा होता तसा सांगितला. मग मशीन बंद केलं. मग तुला फोन केला. सात वाजून गेले होते.

डॉक्टर आले आणि म्हणाले, तीन तास तरी झाले असतील. म्हणजे साडेचार. म्हणजे इंटरव्हलला उठले असते तर मी घरी असते. हे गणित मी किती वेळा केलंय ते विचारू नकोस. पुढे तू येऊन विचारलंस, "आई, तू जवळ होतीस ना? काही बोलले का?" तुझं तोंड असं झालं होतं की मी म्हटलं, "हो रे, माझ्या हातात हात होता." तो होताच. आणि मग ते उजेडाचं वाक्य तोंडातून आलं. ऑपरेटरला शोभेल असं. तू रडलास आणि मला वाटलं, झालं, याचं समाधान झालं. एका वाक्यावर तू अख्खा सिनेमा उभा करशील हे मला काय माहीत!

शिलाईवालीने डॉक्टरांचं ऐकलं होतं. आपण तासभर कुणाशेजारी बटणं लावत बसलो होतो ते तिला त्याच दिवशी समजलं. आम्ही दोघींनी त्यावर एक शब्द काढलेला नाही. रोज भेटतो.

तुझी नटी आली होती तेव्हाचंही सांगते. चांगली मुलगी आहे. "मावशी, हात कसा धरला होता?" मी दाखवलं. तिने परत विचारलं, मी परत दाखवलं. ती म्हणाली, "मघाशी डावा होता." मी म्हटलं, "दोन्ही." तिने माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. ती तुला काही बोलली का? आणि डॉक्टरांचा कागद, वेळ लिहिलेला, तो गेल्या वर्षी तू माझ्याकडून नेलास. वाचलास का?

अजून एक आहे. महिन्यापूर्वी तू मला छोट्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायची सोय केलीस. मी इंटरव्हलला उठून आले. फोनवर तू विचारलंस, "शेवट कसा वाटला?" मी म्हटलं, "ती खिडकी बंद होते ते आवडलं." तू म्हणालास, "खिडकी?" मी म्हटलं, "हो, ती शेवटची." तू म्हणालास, "बरं, आई." तुझ्या सिनेमात खिडकी नसणार. मला तेव्हाच कळलं. त्या 'बरं'ला बाबांचा आवाज होता. त्यानंतर तू शेवटाबद्दल कधी बोलला नाहीस.

म्हणजे तू शेवट काय ठेवलायस ते मला ठाऊक नाही. तुला किती ठाऊक आहे तेही नाही. सिनेमा तयार झाला, पोस्टरं लागली, आता काही बदलत नाही हे मला समजतं. लोकांपुढे तुझी मान खाली जावी असं मला वाटत नाही. पण स्टेजवर बोलावून मला ते वाक्य म्हणायला लावू नकोस. ते म्हणता येणार नाही. फार धरलंस तर जे खरं ते तोंडातून जाईल.

कुरिअरवाला म्हणतो, आज दिलं तर उद्या संध्याकाळी तुझ्या हातात. वाचून फोन करावासा वाटला नाही तर करू नकोस. मी फोनजवळच असेन, ती गोष्ट वेगळी.

शुक्रवारी मी माझ्या नेहमीच्या जागी असेन. मागची रांग, ऑपरेटरच्या खिडकीच्या बरोबर खाली. आता तिथे घरघर नसते. शिलाईवाली शेजारी असेल, तिला मी आज सगळं बोलणार आहे. इंटरव्हलला कुणी दार उघडून धरलं तरी उठणार नाही. तू जो काही ठेवला असशील तो,

शेवट बघून येते.

तुझी,
आई