राखोलीची सरपंच

राखोली, १९९५

तीर्थस्वरूप आप्पांना नमस्कार,

"निवडणुकीला उभी राहिलीस तर मला बहीण नाही," असं म्हणून तुम्ही नंदुरबारला निघून गेलात. त्यानंतर मी पंचायतीत चार वेळा निवडून आले. या वेळी सरपंचपदासाठी लढले. समोर कारखान्यांना माणसं पुरवणारा ठेकेदार होता. भरसभेत तो म्हणाला, "ही बाई खानदेशातून आलेली. हिला मत कशाला द्यायचं?"

मी उठायच्या आत सोनीबाई वारली उभी राहिली. "माझी सून बाळंतपणात अडली, तेव्हा पुरात होडी हिनंच आणली. मग दवाखाना मंजूर होईपर्यंत ही साहेबाच्या दारातून हलली नाही. तू कुठं होतास रे?"



काल निकाल लागला आणि मी जिंकले! तारपा वाजवत सगळ्यांनी मला दमणगंगेपर्यंत नेलं. पन्नाशीत मी रस्त्यावर नाचले, आप्पा.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. तुम्ही आपणहून यावं, एवढंच वाटतं. आलात तर माझं घर विचारू नका. सरपंच कुठे राहते, ते विचारा.

तुमची धाकटी बहीण,
कमळा